रद्दींतील घबाड व कागदांचें प्राप्तिस्थान

जुन्या कागदांचा नाद असलेले दोन गृहस्थ एकत्र बसले म्हणजे थोड्याच वेळांत गोष्ट निघते ती घबाडाची. कोणास वाण्याच्या पुडीवर शिक्का दिसला, कोणीं रद्दीच्या ढिगांतून सनद ओढून काढली, कोणीं पितळ-तांब्याच्या मोडींतून ताम्रपट सोडविला. आणि किंमत काय पडली हें सांगतांना प्रत्येकाच्या मुद्रेवर गड घेतल्याचें तेज चढतें. प्रस्तुत लेखक या नादापासून अलिप्त नाहीं. परंतु या गोष्टींत एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं: हा कागद बाजारांत येण्यापूर्वीं कोणाच्या घरीं होता, आणि त्याच्या सोबतचे कागद कोठें गेले? वस्तू स्वस्त मिळते ती बहुतेक वेळां तिचें घर सुटल्यामुळें मिळते. आणि घर सुटल्यानें तिचें जें मोल उतरतें तें विकणाऱ्याचें नव्हे, इतिहासाचें असतें. हें मला पुस्तकांवरून कळलें नाहीं, स्वतःच्या एका चुकीवरून कळलें. ती चूक पुढें यथास्थित सांगतों. तत्पूर्वीं परदेशांतील कांहीं प्रसिद्ध प्रकरणें पाहूं. कारण तेथें घबाड सांपडल्यानंतर काय काय घडलें याचा वृत्तांत छापून राहिला आहे व त्यामुळें तुलना करणें सोपें जातें.

सर्वांत बोधप्रद प्रकरण बॉस्वेलच्या पत्रांचें. डॉ. जॉन्सनचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल यानें आपला विद्यार्थिदशेपासूनचा मित्र विल्यम टेंपल याला १७५८ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे जवळ जवळ मरेपर्यंत, अत्यंत मोकळ्या मनानें पत्रें लिहिलीं. टेंपल १७९६ सालीं वारला, आणि पुढें चाळीस-एक वर्षें त्या पत्रांचा मागमूस नव्हता. १८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील मेजर स्टोन नांवाचा एक अधिकारी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन शहरीं असतां त्यानें एका दुकानांत कांहीं किरकोळ जिन्नस घेतले. ते ज्या कागदांत गुंडाळून मिळाले तो कागद म्हणजे एक इंग्रजी पत्र असून त्याखालीं बॉस्वेलची सही होती. येथें सामान्य मनुष्य तें एक पत्र खिशांत घालून आपल्या नशिबाची वाखाणणी करीत घरीं गेला असता. स्टोननें तसें केलें नाहीं. त्यानें दुकानवालीस विचारलें कीं हा कागद तुमच्याकडे कोठून आला. वर्षांतून एकदोनदां गांवावरून जाणारा एक फेरीवाला दुकानदारांस पुड्यांचे कागद पुरवितो, त्याच्याकडून घेतलेल्या गठ्ठ्यांतला हा आहे, असें तिनें सांगितलें. स्टोननें गठ्ठ्यांत उरलेले सर्व कागद घेतले. नव्वदांहून अधिक पत्रें वांचलीं तीं या एका प्रश्नामुळें.

पुढील भाग याहून महत्त्वाचा आहे. १८५७ सालीं हीं पत्रें लंडनास छापून निघालीं तेव्हां कित्येकांस ती सर्व हकीकत बनावट वाटली. वाटणें साहजिकच होतें. थोर ग्रंथकाराचीं पत्रें परमुलखांतील दुकानांत पुड्या बांधण्यास लागावीं, ही गोष्ट कादंबरीस शोभणारी आहे. परंतु फेरीवाला, दुकान व गांव यांचीं नांवनिशाणी राहिल्यामुळें मागें जाण्यास वाट होती. टेंपलची एक मुलगी पावलेट नांवाच्या धर्मोपदेशकास दिलेली होती, आणि हा जांवई १८२५ च्या सुमारास फ्रान्सांत राहावयास गेलेला होता. सासऱ्याचे कागद मुलीबरोबर समुद्रापार गेले व तेथें कोणाच्या तरी आवराआवरींत रद्दींत पडले, असा सरळ धागा लागला. बुलोन हें नांव कोणीं टिपून ठेविलें नसतें, तर त्या पत्रांस आज संशयाची जी जागा मिळाली असती तिची कल्पना मोडी कागदांचे वाद ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस सहज करितां येईल.

दुसरें प्रकरण टॉमस पर्सी याचें. श्रॉपशायर परगण्यांतील शिफनल गांवीं हंफ्री पिट या मित्राच्या घरीं तो गेला असतां बैठकीच्या खोलींत एका मेजाखालीं जमिनीवर धुळीनें माखलेलें एक हस्तलिखित बाड त्यास दिसलें. घरांतील मोलकरणी त्याचीं पानें फाडून चूल पेटवीत असत. त्यानें तें मागून घेतलें. जुन्या इंग्रजी पोवाड्यांचा तो संग्रह निघाला व त्याच्या आधारें १७६५ सालीं पर्सीनें आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. पर्सी हा कांहीं आदर्श संग्राहक नव्हता. बांधणाऱ्यानें बाडाच्या कडा कातरतांना मजकुराच्या ओळी छाटल्या. खुद्द पर्सीनेंही छापखान्याच्या सोयीसाठीं त्यांतलीं पानें फाडून काढलीं. आणि जो पाहूं इच्छील त्यास बाड दाखविण्यांत त्यानें इतकी कुचराई केली कीं रिट्सन या टीकाकारानें असें बाड मुळीं आहे कीं नाहीं याचीच शंका काढली. इतक्या अपराधांवर त्याच्या हातून एक काम मात्र बिनचूक झालें. तें बाड आपणांस कोठें, कोणाच्या घरीं व कोणत्या अवस्थेंत सांपडलें याची टीप त्यानें १७६९ सालीं त्याच बाडांत स्वहस्तें लिहून ठेविली. ती टीप बाडाबरोबर राहिली. १८६७-६८ सालीं संपूर्ण संग्रह मुद्रित झाला तेव्हां शंकेस जागा उरली नव्हती.

याच्या उलट बाजूस अमेरिकेंतील एक अलीकडची हकीकत ठेवण्यासारखी आहे. १९८९ सालीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील ॲडम्सटाउन येथील जुन्या बाजारांत एका गृहस्थानें ४ डॉलरांस एक जुनें चित्र घेतलें. चित्र भिकार होतें; त्यास हवी होती चौकट. घरीं उघडतांना चौकट मोडली, आणि चित्राच्या मागें घडी केलेला एक छापील कागद निघाला. हा कागद म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची पहिली छापील प्रत. १७७६ च्या जुलैच्या ४ तारखेच्या रात्रीं फिलाडेल्फियाच्या जॉन डनलॅप या मुद्रकानें जे पत्रक छापलें त्यांतली ही होय. अशा प्रती आज पंचवीस-सव्वीसच ठाऊक आहेत. १९९१ सालीं ती लिलांवांत २४ लक्ष २० हजार डॉलरांस गेली व २००० सालीं पुन्हां विकली गेली तेव्हां ८१ लक्ष ४० हजारांस. घबाडाच्या गोष्टींत ही गोष्ट मुकुटमणि म्हणून सांगतात. पण त्या गृहस्थानें चित्र व मोडकी चौकट टाकून दिली होती! चौकटीचें लांकूड, खिळे, मागची फळी, चित्रकाराची एखादी खूण, दुकानदाराची चिकटविलेली चिठ्ठी, यांतील कशावरून तरी तो कागद दोनशें वर्षें कोणाच्या भिंतीवर टांगलेला होता याचा सुगावा लागणें शक्य होतें. तें आतां लागणें नाहीं. लक्षावधि डॉलर मोलाचा कागद राहिला. त्याचा वृत्तांत चार डॉलरांच्या कचऱ्याबरोबर गेला.

विलायतेंत व अमेरिकेंत धर्मादाय दुकानें असतात. लोकांनीं दान दिलेल्या जुन्या वस्तू विकून येणारा पैसा सत्कार्यास लावावयाचा, ही त्यांची रीत. ऑक्सफर्ड येथें दुष्काळपीडितांच्या साहाय्यासाठीं १९४२ सालीं स्थापन झालेल्या संस्थेचें ब्रॉड स्ट्रीटवरील दुकान १९४७-४८ च्या सुमारास सुरू झालें, आणि पुढें अशीं दुकानें गांवोगांव पसरलीं. २००६ सालीं नॅशव्हिल शहरांतील अशाच एका दुकानांत २ डॉलर ४८ सेंटांस विकलेली गुंडाळी ही त्याच जाहीरनाम्याची १८२३ सालची सरकारी कोरीव प्रत निघाली. विल्यम स्टोन यानें तयार केलेल्या ताम्रपटावरून अशा २०० प्रती काढल्या होत्या. लिलांवांत तिचे ४,७७,६५० डॉलर आले. येथें मात्र बातमी वर्तमानपत्रांत आली, आणि दान देणारा गृहस्थही पुढें आला. त्यानें ती सुमारें दहा वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका घरच्या जुन्या सामानाच्या विक्रींत १० डॉलरांस घेऊन आपल्या गाडीखान्यांत लाविली होती. म्हणजे धागा निदान दोन पायऱ्या मागें गेला. त्या दात्याचें काय झालें असेल तें असो. संशोधकास त्या दोन पायऱ्यांचें मोल आहे.

आपल्याकडे दान देण्याची वृत्ति थोडी नाहीं, पण जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाची चाल नव्हती. आपल्या घरांतून वस्तू बाहेर पडावयाच्या वाटा ठरलेल्या आहेत. जुनीं लुगडीं बोहारणीकडे, तांब्या-पितळेचीं भांडीं मोडींत, कागद रद्दीवाल्याकडे, आणि या तिन्ही वाटांनीं जें जात नाहीं तें जुन्या बाजारांत. यांतील मोडीची वाट सर्वांत क्रूर, कारण तिच्या शेवटीं भट्टी आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं १९२० च्या सुमारापासून पुढें सात दशकें जें काम केलें त्याचें मर्म हेंच कीं भट्टीच्या वाटेवरील दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, फण्या व कुलपें त्यांनीं अडवून धरलीं. पुण्यास बाजीराव रस्त्यावर राजा केळकर संग्रहालय म्हणून जो वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह उभा राहिला तो बव्हंशीं ज्यांस घरधनी अडगळ म्हणत अशा वस्तूंचा आहे.

तथापि दिवा व कागद यांत एक भेद आहे. दिवा कोणत्या घरचा हें न कळलें तरी दिव्याची घडण, धातु व उपयोग कळतो. कागदाचें तसें नाहीं. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांस मिळाली व १९१६ सालीं मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत प्रसिद्ध झाली. तींत शिवजन्माची मिति शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. त्या मितीवर जें रण माजलें तें वाचकांस विदित आहेच. तेंच टिपण पुण्याच्या जुन्या बाजारांत, तरटावर, कुलपाच्या किल्ल्यांशेजारीं कोणास मिळालें असतें व ‘कोठून आलें’ या प्रश्नास ‘आलें कोठून तरी’ एवढेंच उत्तर असतें, तर? अक्षरें तींच, कागद तोच, मिति तीच. पण ज्यांच्या पूर्वजांनीं महाराजांबरोबर घोडीं घातलीं त्यांच्याच घरीं तें राहिलें, ही जी त्याच्या पाठीशीं असलेली साक्ष, ती नाहींशी झाली असती. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढल्यापासून कागद कोणत्या घराण्यांत मिळाला हें सांगण्याची जी शिस्त आपल्याकडे पडली, आणि ‘शिवचरित्र-साहित्या’च्या खंडांत कागद घराण्यांच्या नांवाखालीं छापण्याचा जो परिपाठ राहिला, तो कांहीं आभारप्रदर्शनाचा उपचार नव्हे.

आतां माझी चूक.

सुमारें बारा वर्षांपूर्वीं एका रविवारीं सकाळीं मी मंगळवार पेठेंतील जुन्या बाजारांत गेलों होतों. एका विक्रेत्याच्या तरटावर नळाच्या पितळी तोट्या, चष्म्यांच्या काड्या, एक मोडका कंदील आणि त्यामागें कापडांत बांधलेले तीन रुमाल होते. एकाची गांठ सैल होती. आंत मोडी दिसलें. संग्राहकांचें एक जुनें कसब आहे कीं जें हवें त्याकडे पाहूं नये. त्याप्रमाणें मीं प्रथम कंदिलाचा भाव विचारला, तो महाग म्हणून खालीं ठेविला, आणि मग सहज विचारल्यासारखें करून रुमालांकडे वळलों. तिन्हीचे मिळून पांचशें रुपये त्यानें सांगितले. मीं तिन्ही सोडून चाळले. एकांत अक्षर सुवाच्य व कागद जुना दिसला. दुसऱ्या दोहोंत वरवर तरी जमाखर्चच. घासाघीस करून मीं तो एक दीडशें रुपयांस ठरविला. पैसे देतांना तो म्हणाला कीं फडकें चांगलें जाड आहे, त्याचे वीस रुपये निराळे. मीं फडकें त्यालाच ठेवावयास सांगितलें व कागद आपल्या पिशवींत घातले. वाटेनें येतांना मला आपल्या व्यवहारचातुर्याचें मोठें कौतुक वाटत होतें.

घरीं बंद लावून पाहूं लागलों तों पहिल्याच संध्याकाळीं ध्यानांत आलें कीं हा रुमाल स्वतंत्र नव्हे. एका ताळेबंदाचें पुढील वर्ष त्यांत होतें, मागील नव्हतें. आणि सर्वांत खालीं एका महजराचा शेवटचा बंद होता. बुधवारच्या बाजारास मी धांवत गेलों. विक्रेता आला नव्हता. पुढील रविवारीं भेटला. राहिलेले दोन रुमाल त्यानें वजनावर काढून टाकले होते, व ते इतर रद्दीबरोबर कागदाच्या गिरणीकडे गेले होते. मीं हळहळ दाखविली तेव्हां त्यास खरोखर आश्चर्य वाटलें. “साहेब, तुम्ही तिन्ही बघितले आन् एकच नेला. म्हटलं, बाकीचे कामाचे नसतील,” असें तो म्हणाला. यांत त्याचा रतिमात्र दोष नव्हता. त्या तरटावर त्या कागदांचा पारखी एक मीच गेलेला होतों, आणि माझ्या पारखीवर विश्वास ठेवूनच त्यानें ते टाकले. कोठून आणले होते, हें विचारतां एक वाडा पाडणाऱ्या मुकादमाकडून, इतकें त्यास आठवलें. वाडा कोणत्या पेठेंतला कीं परगांवचा तें ठाऊक नव्हतें. फडकें कोणी गाडी पुसण्यास घेऊन गेलें होतें. दप्तराच्या रुमालावर घराण्याचें नांव शाईनें लिहिलेलें किंवा चिठ्ठीवर लिहून बांधलेलें असतें, हें मी इतरांस अनेकदां सांगितलें आहे. त्या फडक्याची बाहेरची बाजू मीं उलटून पाहिली नव्हती. अमेरिकेंतील त्या गृहस्थानें चौकट टाकली म्हणून त्यास हंसण्याचा अधिकार मला राहिला नाहीं.

या नंतर भावाविषयींचे माझे विचार पालटले. सर टॉमस फिलिप्स (१७९२–१८७२) या इंग्रज संग्राहकानें सुमारें साठ हजार हस्तलिखितें जमविलीं. त्याच्या लहरीपणाच्या व कर्जबाजारीपणाच्या कथा प्रसिद्धच आहेत. घरच्या माणसांस त्यानें जें सोसावयास लावलें त्याचें समर्थन कोणीही करणार नाहीं. पण त्याचें म्हणणें असें होतें कीं मागितलेली किंमत द्यावी, कारण किंमत चढली म्हणजे लोक कागद जपतील. स्वस्त चर्मपत्रें सोन्याचे वर्ख कुटणाऱ्यांच्या व सरस करणाऱ्यांच्या हातीं जात, हें त्यास ठाऊक होतें. मीं पांचशें रुपये मुकाट्यानें मोजले असते, तर तिन्ही रुमाल वांचले असतेच, शिवाय पुढच्या वेळीं त्या विक्रेत्यानें मुकादमास चार प्रश्न अधिक विचारले असते. फिलिप्सची दुसरी गोष्ट घेण्यासारखी ती ही कीं त्याच्या छापील यादींत हस्तलिखितें विषयवार नसून कोणाकडून घेतलीं त्या क्रमानें लाविलेलीं आहेत. विषय शोधणारास ती यादी त्रासदायक. पण मूळ शोधणारास तिच्याइतकें साधन नाहीं.

भाव चढल्यानें बनावट कागदही निपजतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्या रोगावरही औषध प्राप्तिस्थानाची चौकशी हेंच. मिशेल शाल हा फ्रान्सांतील नामांकित गणिती. त्यास व्ह्रॅं-ल्युका या इसमानें १८६१ ते १८६९ या अवधींत सत्तावीस हजारांहून अधिक बनावट पत्रें विकलीं. क्लिओपात्राचीं पत्रें, आणि तींही फ्रेंच भाषेंत! हीं सर्व एका सरदार घराण्याच्या संग्रहांतलीं असून अमेरिकेस जातांना जहाज फुटल्यामुळें इतस्ततः झालीं, असें सांगण्यांत आलें. शालनें तें घराणें शोधण्याचा खटाटोप केला नाहीं. १८७० सालीं लबाडास दोन वर्षांची शिक्षा झाली, पण पंडिताचें जें हंसें झालें तें अद्यापि चालू आहे. आपल्याकडे दुसरीही एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यानें ७५ वर्षांहून जुनें, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित ही पुरावस्तु ठरते. एखाद्या मठांतून वा देवळांतून चोरीस गेलेली पोथी न विचारतां घेणाऱ्यास पुढें जें उत्तर द्यावें लागतें तें सुखाचें नसतें.

तेव्हांपासून मी कागद घेतों ते फडक्यासह, दोरीसह व चिठ्ठीसह. गठ्ठा फोडून घेत नाहीं. आणि घरीं आल्यावर प्रथम मजकूर न वाचतां निराळ्या कागदावर वार, मिति, बाजार, दिलेली किंमत व विकणाऱ्यानें सांगितलेली हकीकत, ती कितीही भाकड वाटली तरी, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवितों. बुलोनच्या दुकानवालीची हकीकतही भाकडच वाटली होती.

राहतां राहिला तो महजराचा बंद. त्याचें वर्णन येथें देतों. रुंदी साडेसात इंच, लांबी सव्वा फूट, कागद जाड व हातबनावटीचा, शाई काळी. वरची कड जोडावरून सुटलेली असून तिला खळ चिकटलेली आहे. पाठीमागें जोडावर मारलेल्या गोल शिक्क्याचा खालचा अर्धा ठसा असून त्यांत दोन ओळींचे अक्षरभाग दिसतात, पण लागत नाहींत. मजकुराच्या शेवटच्या अडीच ओळी शिल्लक आहेत. त्यांत निवाडा सर्वांस मान्य झाल्याचें आहे, निवाडा काय तें नाहीं. त्याखालीं साक्षी: नांगराच्या सात निशाण्या व तागडीची एक, नांवें आहेत, गांव नाहीं. वरील बंद त्या दोन रुमालांत होते कीं पूर्वींच कोठें निराळे झाले होते, हें सांगतां येत नाहीं. कोणा संग्राहकाकडे खालीं जोडाची खळ असलेला व पाठीवर गोल शिक्क्याचा वरचा अर्धा ठसा असलेला महजर असेल, तर त्यांनीं मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. मी बंद घेऊन येईन.